दोन बोटं खाली

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी कापत नाहीत, उपटतात. वाकायचं, दोन्ही हातांनी धाटं धरायची, हिसका द्यायचा, मुळाची माती झटकायची आणि कमरेत वळून बाजूला टाकायची. आमच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. उपटणाऱ्याच्या कमरेला अजून कुणी काही दिलेलं नाही.

पुण्याच्या भाच्यांना 'असं उपटायचं' म्हणून दाखवायला मी रानात उतरलो. जन्म खुर्चीवर गेलेला. सहा धाटं झकास निघाली. सातव्याला धाट जागेवरच राहिलं आणि चमक माझ्यात निघाली, उजव्या बाजूला, पार बुडाच्या वर. मी तसाच वाकडा थांबलो. भाच्यांना वाटलं, हीसुद्धा पद्धतच असेल. त्यांनी व्हिडिओ काढला.

घरी पोचायच्या आत निदान झालेलं होतं: उसण भरली. उसणीला इलाज पायाळू माणसाची लाथ. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्या पायाला हा गुण असतो म्हणतात, आणि आमच्या गल्लीत हा अधिकार आत्याकडं आहे. "पालथा पड," म्हणाली आणि टाच ठेवली. दुखत होतं त्याच्या दोन बोटं वर. पुढं ओव्याचा शेक, निर्गुडीचा पाला, चार तऱ्हेची मलमं, सगळं त्याच जागी, दोन बोटं वर. पारावरच्या नानांनी लांबूनच सांगितलं, "मणक्यात गॅप पडलाय." आमच्याकडं पन्नाशी ओलांडली की प्रत्येकाच्या मणक्यात एक गॅप असावाच लागतो.

शेवटी सोलापूरला फिजिओथेरपिस्ट बाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, "एका बोटानं दाखवा, कुठं दुखायलंय?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. बोट गेलं ते थेट कमरेखालच्या खळीपाशी. मग त्यांनी पाय दुमडून, दाबून, ओढून बघितलं. एका चाचणीवर भागत नाही म्हणे. "ही कंबर नव्हे. कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड, त्रिकास्थी, आणि खुब्याचं पसरट हाड, यांचा हा सांधा." वरच्या धडाचा भार इथून पायांत उतरतो, आणि हा सांधा हलतो किती, तर जेमतेम २ ते ४ अंश. ऊन आल्यावर नाना पारावर याहून जास्त सरकतात.

या सांध्याचं नशीबच फुटकं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पायात उतरणाऱ्या कळांचा आळसुद्धा याच्यावर यायचा. १९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीवर बोट ठेवलं आणि तेव्हापासून सगळा मान गादीला.

"पाकीट काढा," बाई म्हणाल्या. मागच्या खिशातून निघालं ते पाकीट नव्हतं, दप्तर होतं: जुन्या पावत्या, बाद झालेलं लायसन, दामाजीपंतांच्या देवळातला अंगारा. इतकी वर्षं मी त्या टेकाडावर एका कुल्ल्यानं बसत होतो. उभं राहणंही तसंच, एका पायावर रेलून. "दोन्ही पायांवर सारखा भार द्या." तेव्हा उजेड पडला. बासरी वाजवताना एक पाय आडवा टाकून, कंबर मोडून उभा राहणारा कृष्ण, आमच्यापासून २५ किलोमीटरवर पंढरीत आला तो समचरण झाला. लोक याला अवतार म्हणतात.

पट्टा मिळाला. तो कमरेला नाही, खाली खुब्यांवर आवळायचा. बायको म्हणाली, "घसरलाय तुमचा." कुशीवर वळताना गुडघे जुळवून अख्खं अंग ओंडक्यासारखं फिरवायचं. उताणं पडून, गुडघे दुमडून बूड उचलायचं, पूल करायचा. आणि अंथरूण धरायचं नाही, चालतं राहायचं. निघताना बाईंनी बजावलं, की पंचविशीतल्या पोराची कंबर रोज सकाळी अर्धा-अर्धा तास आखडत असेल आणि हिंडल्यावर सुटत असेल, तर उसण म्हणून घरी बसवू नका. तो सांध्याच्या सुजेचा आजार असू शकतो, डॉक्टरला दाखवा. मी ताबडतोब भाच्यांकडं बघितलं. ते व्हिडिओला लाइक मोजत होते.

सहा आठवड्यांत दुखणं गेलं. आत्या गल्लीभर सांगते, लाथ लागू पडली. मी पट्टा, पूल, पाकीट, सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"हळू मारली होती रे," म्हणाली. "म्हणून सहा आठवडे लागले."