कोणते मुंडे?

परळीतल्या लग्नात माइकवरून "मुंडे साहेबांनी कृपया स्टेजवर यावं" अशी विनंती करणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर त्याला गंमत बघायची असते. पुढच्या तीन रांगांतली निम्मी मंडळी खुर्चीतून अर्धवट उठतात, एकमेकांकडे बघतात आणि "तुम्ही चला, तुम्ही चला" करत पुन्हा टेकतात. मग माइक सावरून घेतो, "नाथ्र्याचे मुंडे." नाथ्रा म्हणजे गोपीनाथ मुंड्यांचं गाव. एवढं सांगूनही दोन-तीन फेटे उभे राहतातच.

आडनावाने माणूस ओळखू येतो, हा समज तहसील कचेरीचा. परळीच्या पंचक्रोशीत मुंडे, फड, गित्ते, कराड यातलं काहीही सांगा, समोरच्याचा चेहरा कोराच. "गाव कोणतं म्हणायचं?" आणि त्यावर "कुणाच्या घरचे?" हे झाल्यावर कुठे चहा येतो.

तिकडे स्पेनमध्ये हेच दुखणं गार्सियांचं आहे. जिकडे बघावं तिकडे गार्सिया, आणि या शब्दाचा मूळ अर्थ काय यावर पंडितांचं अजून एकमत नाही. बहुधा बास्क भाषेतला असावा म्हणतात. काहींनी त्याचं नातं थेट अस्वलाशी जोडलंय. पण स्पॅनिश लोकांनी यावर तोडगा काढला. प्रत्येकाला आडनावं दोन, परंपरेने आधी बापाचं, मग आईचं. आणि लग्न झालं म्हणून बाई आपली आडनावं टाकून देत नाही. कवी लोर्का हा बापाकडून गार्सियाच, पण जग त्याला ओळखतं ते आईच्या आडनावाने. 2004 ते 2011 या काळात तिथे पंतप्रधान असलेले रॉद्रिगेस झापातेरो यांचंही तेच. रॉद्रिगेस गल्लोगल्ली, म्हणून लोकांनी आईकडचं झापातेरो उचललं. त्याचा अर्थ जोडे शिवणारा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. ही पद्धत परळीत आली तर मुंडे फड, फड गित्ते, गित्ते मुंडे अशी पाटी लावता येईल. मुंडे मुंडे मात्र व्हायचं नाही. एका कुळात सोयरीक होत नाही, ही त्यातली सोय.

रॉद्रिगेस, फर्नांदेस यांतला शेवटचा 'एस' मात्र मराठवाड्याच्या माणसाला परका वाटू नये. निजामाच्या अमलातले जमिनीचे जुने कागद ज्याने चाळलेत, त्याला 'नामदेव वल्द ग्यानबा' असली नावं पाठ असतात. वल्द म्हणजे मुलगा. आडनावाची गरजच नाही, बाप सांगितला की झालं. तो 'एस' म्हणजे त्यांचा वल्द: फर्नांदेस म्हणजे वल्द फर्नांदो, रॉद्रिगेस म्हणजे वल्द रॉद्रिगो. पोर्तुगीजांनी हीच तऱ्हा गोव्यात आणि वसईत आणली, म्हणून आपल्याकडे फर्नांडिस आहेत. आमच्याकडच्या जुन्या तलाठ्याची बदली स्पेनला झाली असती तरी त्याचं काही अडलं नसतं.

बाकी कित्येक आडनावं म्हणजे गावाने केलेली थट्टा, हे दोन्हीकडे सारखंच. त्यांचा काल्व्हो म्हणजे टकला, देल्गादो म्हणजे हडकुळा, मोरेनो म्हणजे सावळा. सोळाव्या शतकात अमेरिकेत पायपीट करणाऱ्या एका प्रवाशाचं आडनाव चक्क 'काबेसा दे व्हाका', म्हणजे गाईचं डोकं! आपले टकले, काळे, लांडगे, गाढवे त्यांच्या पंगतीला मांडीला मांडी लावून बसतील. मला कौतुक वाटतं ते त्या मूळपुरुषाचं. कधीतरी पारावर कुणीतरी एक शब्द टाकला, चारचौघं हसली, आणि दहा पिढ्या झाल्या तरी डोकंभर केस असलेली नातवंडं 'टकले' अशी सही ठोकताहेत.

'कर' लावलेल्या आडनावांची तऱ्हा निराळी. परळीत गंगाखेडकर भेटतील, अंबाजोगाईकर भेटतील. परळीकर शोधायला मात्र परळीबाहेर पडावं लागतं. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण कशाला देईल? परळीच्या वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाईंचं सासर होळकरांचं, म्हणजे नीरेकाठच्या होळ गावचं. पण त्या घराण्याचं नाव गाजलं ते तिकडे माळव्यात. स्पेनमधला गाय्येगो हा गालिसिया सोडून आलेला, नाव्हारो हा नाव्हारातून आलेला. शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबादला 2020 साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे, पक्के मराठी लेखक. त्यांच्या आडनावात पोर्तुगालमधलं ब्रिटो बसलंय.

नावं पाडण्याचा हा कारखाना बंद पडलाय असं समजू नका. परळीची पोरं शिकायला पुण्याला जातात आणि सात-आठजण मिळून फ्लॅट घेतात. त्यात दोन मुंडे निघाले की आठवड्याच्या आत एकाचं नाव 'परळी' पडतं आणि दुसऱ्याचं 'टकल्या'. घरमालकाच्या करारावर मात्र दोघेही मुंडेच, आणि लाइटबिल कुणी भरायचं यावरून त्याचा दर महिन्याला गोंधळ होतो.