श्रीमती उचल यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती उचल,
मुक्काम : पाथर्डी, शेवगाव, जामखेड व आसपासची ऊसतोडीची गावे, जिल्हा अहिल्यानगर

सप्रेम नमस्कार, वि. वि.

जिल्ह्यातील सहकाराचा इतिहास सांगताना विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 साली लोणी-प्रवरानगर येथे सुरू झालेल्या साखर कारखान्याचा गौरव होतो, परंतु आज ज्यांच्यावाचून कारखान्यांच्या गव्हाणीत मोळी पडणे अवघड, त्या आपला उल्लेख अहवालांत क्वचितच आढळतो. ही कृतघ्नता दूर करण्यासाठी हे पत्र.

उचल म्हणजे कारखान्यासाठी मजूर जमविणाऱ्या मुकादमाने हंगामापूर्वी कुटुंबाला दिलेली आगाऊ रक्कम, जी पुढे तोडलेल्या उसाच्या टनांतून फेडायची असते. लग्न, दवाखाना, पेरणी अशा निकडीच्या वेळी ज्यांना कोणतीही बँक दारात उभी करीत नाही, त्यांच्या दारी आपण स्वतः चालत जाता, हे औदार्य सर्वश्रुत आहे. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजण्याची आपली रीत तर विशेष प्रशंसनीय होय, कारण तीमुळे पहाटेपासून फडात दोघे राबतात आणि हिशेबाच्या वहीत बहुधा एकच नाव, तेही पुरुषाचे, चढते.

1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी जिल्ह्याच्या उत्तर भागात फिरले, पाथर्डी-जामखेडकडे ते चढले नाही, आणि बऱ्याच अंशी या वाटणीतूनच एकीकडे ऊस पिकविणारा सभासद व दुसरीकडे तो तोडणारा मजूर घडला. सभासदाकडे भाग आहे, मत आहे आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने दिलेला 14 दिवसांत किंमत मिळण्याचा हक्क आहे (ती वेळेवर मिळतेच, असे मात्र कोणी समजू नये). मजुराचा व्यवहार मुकादमाशी असल्यामुळे कारखाना त्याला आपला कामगार मानण्यास सहसा तयार नसतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा 1979 चा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता; पाथर्डीहून राहात्याला जाणारा त्यात बसला नाही. कर्जापोटी माणसाचे श्रम बांधून ठेवणे 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरविले, परंतु आपण ‘आगाऊ मजुरी’ हे सोज्ज्वळ नाव धारण करून त्या कायद्याच्या शेजारून डौलाने निघून जाता, यास कसब म्हणावे लागते.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली, तेव्हा आपले आसन डळमळेल अशी शंका आपल्या हितचिंतकांना आली असल्यास ती सोडून द्यावी, कारण हंगामाअखेर अनेक कोयत्यांवर बाकी राहते आणि ती पुढच्या उचलीत मिळविली की नाते पुन्हा वर्षभर टिकते.

तरी येत्या पावसाळ्यात करार करताना वहीत बाईचे नाव आणि तिची मजुरी स्वतंत्र ओळीवर लिहिण्याची गैरसोय सोसावी. कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपले ऋणी,
जिल्ह्यातील समस्त साखर खाणारे