बाळाचे शैक्षणिक साहित्य

दोन वर्षांचं मूल सोसायटीत नुसतं खेळताना आढळलं, तर हल्ली त्याच्या आईबापांची चौकशी होते. ‘ॲक्टिव्हिटी काय घेता?’ दहावीच्या मुलाचा क्लास विचारावा, त्याच सुरात. मग फ्रिजवर लॅमिनेट केलेलं वेळापत्रक लागतं. साडेनऊ ते पावणेदहा संवेदनानुभव, पावणेदहा ते दहा ओतणे, दहाला शी-शू, तीही निरीक्षणाखाली.

ओतणे हा विषय गहन आहे. त्यासाठी कुरिअरने लाकडी ट्रे, दोन चिमुकले चंबू आणि रंगवलेले तांदूळ येतात. बाळ या चंबूतून त्या चंबूत ओततं, मग सोफ्यावर ओततं, आणि आई म्हणते, ‘परत कर राजा, व्हिडिओ राहिला.’ याच राजाने सकाळी तूरडाळीच्या डब्यात वाटी घातली होती, तेव्हा त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं होतं. डाळ सांडली की नासधूस, रंगीत तांदूळ सांडले की सेन्सरी प्ले. फरक पावतीचा.

बाबांनी प्रगतीची एक्सेल शीट केली आहे. लाल रंग: येतो. निळा: मनात असेल तर. ओतणे: बी प्लस.

आता चिमटीचं घ्या. लोकरीचे गोळे चिमट्याने उचलून वाटीत टाकले की बोटांना पकड येते, पुढे पेन्सिल नीट धरता येते. खरं आहे. पण पलीकडे आजी मटार सोलतायत. शेंग दाबायची, फोडायची, दाणे वाटीत पाडायचे, टरफलं वेगळी करायची. आख्खा अभ्यासक्रम आहे. मात्र शेंगेवर ‘वय १८ महिने व पुढे’ असं छापलेलं नसतं, त्यामुळे आजी अप्रशिक्षित ठरतात. (दाणा नाकात किंवा घशात जाऊ शकतो, हे मान्य. लोकरीचा गोळाही जातो. त्यासाठी हातातलं सगळं सोडून एक मोठं माणूस शेजारी बसलेलं लागतं, आणि ते कोणत्याच किटमध्ये येत नाही.)

माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये सॅन लोरेन्झोच्या गरीब वस्तीत बालगृह काढलं आणि मुलांना झाडणं-पुसणं, हात धुणं, बटणं लावणं अशी रोजची कामं दिली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला तर कमालच केली. महागडी साधनं परवडेनात, म्हणून खडे, शिंपले, पानं, बिया घेऊन शिकवलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली. बायांना बाजार कळला नाही, दुसरं काय! आज तेच खडे धुऊन, कापडी पिशवीत घालून ‘निसर्गखजिना’ म्हणून घरपोच मिळतात. बागेत बाळाने स्वतःहून उचललेला खडा मात्र ‘छी, टाक तो!’ असतो.

यंदा वाढदिवसाला मामाने लाकडी स्वयंपाकघर दिलं. ‘जीवनव्यवहाराचे शिक्षण’, असं खोक्यावरच लिहिलंय. त्यात शेगडी आहे, पोळपाट आहे, वेल्क्रोने चिकटवलेला, चिरता येणारा कांदाही आहे. बाळ मन लावून भाजी करतं, सगळ्यांना वाढतं, सगळे खोटंखोटं मिटक्या मारतात. मग ते भाजीचं पातेलं घेऊन आईला मदत करायला खऱ्या ओट्यापाशी जातं, आणि घरातली चारही माणसं एका सुरात ओरडतात, ‘बाहेर खेळ जा, इथे कामं चालू आहेत!’