टायर बारमाही, रस्ता तिमाही

टायरच्या दुकानांत हल्ली एक नवी जात आली आहे. ऑल सीझन टूरिंग. सगळ्या ऋतूंत चालणारा, लांबच्या प्रवासाचा, आवाज न करणारा आणि वर खिशाला परवडणारा. वाशीमला पुसद नाक्याकडे चौकशी करा, विक्रेता छातीठोकपणे सांगेल, "घ्या भाऊ, बर्फात बी चालते." वाशिमात बर्फ असतो तो रसवंतीवर. तिथपर्यंत पायी जाता येतं.

ऋतूंची ही भानगड थंड मुलखातली. तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेलं की नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटते. म्हणून तिकडे हिवाळ्याचे टायर वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायरशिवाय सापडलात तर दंड होतो. वर्षातून दोनदा टायर बदलायचा कंटाळा असलेल्यांसाठी अमेरिकेत मधला मार्ग निघाला. १९७७ साली गुडइयरने 'टिएम्पो' नावाचा टायर आणला आणि तिथून हा सर्वऋतू प्रकार रुळला. थोडा उन्हाचा, थोडा बर्फाचा, दोन्हीकडे पास होण्यापुरता. आघाडी सरकारसारखा.

आपल्याकडे कुठलाही टायर बारमाहीच. बदलणार कोण? एकदा बसवला की घासून तारा दिसेपर्यंत तोच. डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे कडाक्याची थंडी पडते तेव्हा गाडी अंगणात असते आणि मालक शेकोटीपाशी. म्हणजे बर्फाची ती अर्धी हुशारी इथे बेकारच बसणार. आपल्याला टायर हवा तो मे महिन्यातल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांना टिकणारा, जुलैत ओल्या डांबरावर न घसरणारा आणि लग्नसराईत तक्रार न करणारा. शेवटची कसोटी कुठल्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत होत नाही.

ती कसोटी टायरच्या बाजूलाच लिहिलेली असते, पण वाचतो कोण? १८५/६५ आर १५ हे सात आसनी गाड्यांना सर्रास चालणारं माप. त्याच्या पुढे ८८ टी असं काहीतरी असतं. ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलायचे, चौघांनी मिळून २,२४० किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची हमी. आता रामनवमीला पोहरादेवीच्या वाटेवर उभे राहून मोजा. सात आसनांत अकरा माणसं, डिक्कीत स्वयंपाकाचं सामान, टपावर सतरंज्या. त्यात ही ५६० किलोची हमी टायरमध्ये हवा पूर्ण असेल तरच. ती कधी तपासली, हे अकरांपैकी एकालाही आठवत नसतं.

हवेवर थोडं थांबू, कारण टायरचं निम्मं आयुष्य तिच्यात असतं आणि निम्मे गैरसमजही. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटते," हा सल्ला कारंज्यापासून रिसोडपर्यंत प्रत्येक पारावर फुकट मिळतो. तो नेमका उलटा आहे. सकाळी थंड टायरमध्ये ३३ पौंड भरली आणि दुपारी टायर साठ अंशांपर्यंत तापला, तर दाब फार तर पाचेक पौंडांनी वाढतो. ती वाढ टायर घडवतानाच धरलेली असते. हवा कमी असली की मात्र टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि उघडते. ताशी १२० ला या मापाचा टायर सेकंदाला सतरा वेळा फिरतो. सेकंदाला सतरा दबकण्या! आतल्या आत रबर तापतं, थर एकमेकांना सोडू लागतात आणि मग तो फुटतो. फुटू नये म्हणून हवा काढणारा गृहस्थ फुटण्याचीच सोय करत असतो. बरं, किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर लावून सांगितलेलं असतं. टायरवर दाबाचा आकडा दिसला तर तो कमाल मर्यादेचा, रोजचा नव्हे.

त्यातून नायट्रोजनचं एक प्रस्थ. हिरवं झाकण लावलं की गाडीला डॉक्टरेट मिळाल्यासारखं वाटतं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन देव आधीच घालून ठेवतो, त्याचे पैसे घेत नाही. नायट्रोजनने दाब जरा सावकाश उतरतो, कबूल. पण मग चार महिने हवा पाहायलाच नको, असं समजणाऱ्याला नायट्रोजन काय नि ऑक्सिजन काय. पेट्रोलपंपावर हवा फुकट देणं बंधनकारक आहे. तिथे मशीन असतं, नळी असते, नळीपाशी पोरगाही असतो. फक्त मशीन 'आत्ताच बिघडलेलं' असतं.

आता रस्त्याकडे. वाशीम जिल्ह्यातल्या टायरला दोन संसार सांभाळावे लागतात. कारंजा, शेलुबाजार किंवा मालेगावला समृद्धीवर चढलं की सिमेंटचा आरसा, वेगाची मर्यादा १२०. तिथून उतरून गावाकडे वळलं की वेग खड्डे ठरवतात. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, ५ जून २०२५ ला सगळा ७०१ किलोमीटरचा. पहिल्याच उन्हाळ्यात टायर फुटण्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि २०२३ मध्ये परिवहन खात्याने समृद्धीवर टायर तपासायला सुरुवात केली. गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. उत्तम काम केलं, यात तिरकसपणा नाही. ज्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत उतरल्या, त्याने मोटारीला नेऊ नये हा कायदाच आहे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की खेळ संपला. प्रश्न एवढाच, की चढताना टायर तपासतात तर उतरताना का नाही? त्याची खरी परीक्षा उतरल्यावर सुरू होते.

टायर बिचारा साक्ष देऊ शकत नाही, म्हणून पहिला आरोपी तोच. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं जळून गेली. चालकाने सांगितलं, टायर फुटला. परिवहन कार्यालयाच्या तपासणीत टायर फुटल्याची खूण सापडली नाही. तोवर 'टायर फुटून अपघात' हा मथळा राज्यभर फिरला होता. पापणी मिटली, झोप लागली, असं कुणी स्वतःहून सांगत नाही. टायरच्या नावावर काहीही खपतं.

गावरस्त्यावर टायर कसा मरतो, ते मात्र कुठल्याच मथळ्यात येत नाही. आपली जमीन काळी, कपाशी-सोयाबीनला सोन्यासारखी आणि रस्त्याला वैरीण. पाणी पिऊन फुगते, उन्हात आक्रसून भेगाळते. वर टाकलेलं डांबर वर्षातून एकदा उचललं जातं आणि एकदा खाली बसतं. खाली मुरूम नीट भरला, दाबला, पाण्याला वाट काढून दिली तर रस्ता तगतो. यातलं एक कमी केलं तर पहिल्या पावसात कडा ढासळतात. साइडपट्टी म्हणून जी काही माती टाकलेली असते ती वाहून जाते, आणि डांबराची कडा वीतभर उंच, सुरीसारखी उभी राहते. समोरून उसाची नाहीतर सोयाबीनची ट्रॉली आली की डावी चाकं खाली उतरवायची, मग परत वर चढवायची. टायरच्या पोलादी पट्ट्या फक्त तळव्याखाली असतात. बाजूला असतो धाग्यांचा एखादा-दुसरा थर आणि पातळ रबर. त्याच बाजूवर ही कडा चालते. कधी साइड कट पडतो, कधी आतले धागे तुटून फुगा येतो. दोन्हींना इलाज नाही. पंक्चरवाला दोन्ही बाजूंनी पाहतो, जीभ टाळ्याला लावून 'च्च' करतो आणि नवा टायर दाखवतो.

म्हणून आमच्या मुलखात स्वस्त आणि मस्त टायर निवडायचा पहिला निकष त्याची उंची हा आहे. १८५/६५ मधला ६५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के बाजू उंच आहे त्याचा आकडा. तो जितका मोठा तितकं खड्ड्याचं पहिलं दुखणं रबर सोसतं. आणि आमची तरुण मंडळी करतात काय? कंपनीने दिलेली पंधरा इंची चाकं काढून सतरा इंची चकचकीत अलॉय बसवतात. टायर राहतो पोळीएवढा. समृद्धीवर छान फोटो येतो, पांदण रस्त्यावर रिम वाकते. फोटोला लाइक मिळतात, रिमला नाहीत.

दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर नवे मागे बसवा, हेही सांगून ठेवतो. लोक पुढे बसवतात, कारण स्टिअरिंग पुढे. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी गरगर फिरते आणि तिला सावरणं तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात नसतं. पुढची घसरली तर निदान वेग कमी करून धडपडता येतं. हे सांगितलं की दुकानदार "कोन सांगतलं तुमाले?" म्हणून बघतो. बसवून घ्या, वाद घालू नका.

सरकारनेही टायरवर शिस्त लावली आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्या घडणीच्या टायरना लोळण्याचा अडथळा, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांची मर्यादा घातली, पुढच्या वर्षी चालू टायरनाही. आवाजाची मर्यादा! आमच्या गावरस्त्यावर टायरचा आवाज कुणाला ऐकू येणार? दारं वाजतात, जॅक वाजतो, मागच्या सीटवरच्या काकू वाजतात.

टायरवर मात्र सगळं कोरलेलं असतं. कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली जन्मला, किती वजन पेलेल, किती वेगाने धावेल. आय.एस.आय. छापही आहे. त्याच न्यायाने रस्त्याचीही पाटी असते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, तेव्हापासून खेड्यांना बारमाही रस्त्याचं वचन आहे आणि बांधणाऱ्या ठेकेदारावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारीही. पाटीवर लांबी, खर्च, कामाची मुदत, देखभालीचा कालावधी, सगळं रंगवलेलं. फरक इतकाच, की टायरच्या खाचा संपल्या तर चालकाला दंड होतो. पाच वर्षांच्या आत रस्ता उखडला तर दंड टायरला होतो. आणि पाटी? ती सगळ्यांत मजबूत. रस्ता गेला तरी उभी असते. तिच्याखाली मुरूम नीट भरलेला असावा.

हिशेबाचं बोलू. समजा पाच हजारांचा टायर ४५ हजार किलोमीटर गेला, म्हणजे किलोमीटरला अकरा पैसे. सात हजारांचा पन्नास हजार गेला तर चौदा पैसे. चार चाकांत फरक बारा पैशांचा. पेट्रोल लिटरला शंभरावर आहे आणि गाडी सतराचा मायलेज देते, म्हणजे किलोमीटरला सहा रुपये पंपावर जातात. कमी हवेने यात किती भर पडते हे न पाहता आपण टायरच्या दुकानात दोनशे रुपयांसाठी तासभर उभे असतो, चहा पितो आणि चहाचे पैसे दुकानदाराकडून वसूल झाले म्हणून खूश होतो. तेव्हा महाग-स्वस्त सोडा. आपल्या मापाचा, आपल्या वजनाचा, ताज्या तारखेचा, माहितीतल्या कंपनीचा कुठलाही साधा टायर वाशिमात भागवून नेईल. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्यातच करून मागा. आठ-दहा हजार किलोमीटरनंतर चाकांची अदलाबदल करा. 'ऑल सीझन' आणि 'टूरिंग' या शब्दांचे वेगळे पैसे देऊ नका.

तारीख कशी वाचायची? टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ मधला तेविसावा आठवडा. चार-चार वर्षं दुकानाच्या माळ्यावर तापत पडलेला टायर न चालताच म्हातारा होतो, तो नवा म्हणून गळ्यात पडतो. खाली वाका, मोबाइलचा दिवा लावा, वाचा. दुकानदार नाराज होईल, होऊ द्या.

वाचायचं आणखी एक कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. कर विक्रीच्या दिवशीचा लागतो, माल दुकानात कधी आला याच्याशी त्याचा संबंध नाही. तरी आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराला भाव कमी का नाही म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "जुना माल हाय नं भाऊ, जुन्याच टॅक्सचा." बरं म्हणून वाकलो आणि तारीख पाहू लागलो, तर घाईघाईने म्हणाला, "तारीख कायले पाहाता? माल एकदम नवा हाय. काल परवा उतरला."