नववी ‘ब’चा ग्रुप

“वहिनी, कोपऱ्यावरच्या घरातली धाकटी शाळेत जाईना झालीये. आई सांगते पोट दुखतंय. पोट कसलं! आमच्या नातवाकडून कळलं सगळं.”

“काय झालं हो मावशी?”

“गॅदरिंगला नाचताना ती घसरून पडली ना, तेव्हाचा फोटो काढून कुणीतरी स्टिकर केलं. आता वर्गाच्या ग्रुपवर कुणी काही लिहिलं की उत्तराला हिचं तोंड! वर इन्स्टावर तिच्या नावानं खोटं अकाउंट.”

“अगं बाई! केलं कुणी?”

“मला विचाराल तर तिचीच जिवलग मैत्रीण. दिवाळीत यांच्याकडेच तर फराळ हाणत होती! पण मला राग आलाय बाकीच्यांचा. अख्खा वर्ग त्या ग्रुपवर, एकाच्याही तोंडून ‘पुरे’ निघालं नाही. आमचं ध्यानही त्यातच. म्हणतो, ‘आजी, मी काही लिहिलं नाही, नुसता इमोजी टाकला.’ नुसता म्हणे!”

“तिनं घरी का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं की. आईनं तिचाच फोन काढून घेतला. परत कशाला सांगेल? आणि शाळा म्हणते, आमच्याकडे मोबाइलला बंदी आहे, हे बाहेरचं.”

“मोठे तरी कुठे शहाणे? २०२४ साली उत्तर प्रदेशात एक मुलगी दहावीला बोर्डात पहिली आली, तर लोकांनी तिच्या ओठावरची लव बघितली. एकदोन मार्क कमी पडले असते तर बरं, असं वाटलं त्या पोरीला!”

“काय मेले लोक! आता हिचा बाप म्हणतोय, सगळं डिलीट करून विषय संपवतो.”

“डिलीट नको हो! पुरावाच जाईल. आमच्या भाचीच्या वेळी सायबर पोलिसांनी आधी स्क्रीनशॉट आणि त्या अकाउंटची लिंकच मागितली. आयटी कायद्याखाली गुन्हा नोंदवतात. पोलिसांत जायला संकोच वाटला तर १०९८ हा हेल्पलाइन नंबर आहे, मुलांसाठीच. १९३० नव्हे हं, तो पैशांच्या फसवणुकीचा.”

“मग तुम्हीच सांगा त्यांना. मी गेले तर म्हणतील, हिनंच गावभर केलं.”

“केलंत ना पण?”

“छे! फक्त तुम्हाला सांगितलं. आणि वरच्या काकूंना. ते राहू द्या, आधी जा बघू. बाप सहाला घरी येतो, आणि आला की पहिला फोनच हातात घेईल.”