अँटेना मोजू नका

महाडच्या बाजारपेठेत जा आणि राऊटर मागा. पुढे येतो तो अँटेनांचा हिशेब. दोनवाला स्वस्त, चारवाला बरा, सहावाला एकदम भारी. गिऱ्हाईक सहावाला घेतं, घरी जाऊन लावतं. ओटीवर रेंज फुल. माजघर ओलांडून मागच्या पडवीत गेलं की मोबाइलवर पुन्हा गोल फिरायला लागतं.

अँटेना वाढल्या म्हणून जांभ्याची भिंत पातळ होते का?

खोक्यावरचा दुसरा भुलावा आकड्याचा. ठळक अक्षरांत १२००. हा आला कुठून? २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७, दोन्ही बँडचे कागदावरचे वेग एकत्र केले आणि बेरीज वरच्या शेकड्यात नेली. साधा मोबाइल एका वेळी एकाच बँडवर चालतो. म्हणजे ही बेरीज तुमच्या हातातल्या मोबाइलला कधीच मिळणार नाही.

तरी खोक्यावर सगळ्यांत मोठी छापलेली असते तीच.

आता तोच खोका उलटा करा. मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पोर्ट १०/१००. याचा अर्थ तारेतून आत येणार जास्तीत जास्त १०० एमबीपीएस. टाकी हजार लिटरची आणि तिला पाणी आणणारा पाइप अर्ध्या इंचाचा. पोर्ट १०/१००/१००० असेल तर तो गिगाबिट. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा.

ज्या दुकानदाराला याचं उत्तर माहीत नाही, त्याच्याकडून अँटेनांचं व्याख्यान कशाला ऐकायचं?

मुळात घराला लागतं किती? एचडी सिनेमाला साधारण ५ एमबीपीएस. व्हिडिओ कॉलला दोन ते चार. घरातली चार माणसं चार स्क्रीनवर बसली तरी ५० च्या प्लॅनमध्ये आरामात भागतं. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, ती या मानाने फारच खाली. पण दुसऱ्या टोकाला, तीनशेचा प्लॅन घेऊनही लोकांची तक्रार तीच असते. अडकतंय.

स्पीड सहापट आणि तक्रार जागच्या जागी. मग दुखणं स्पीडचं नाही, हे उघड आहे.

म्हणून खिशात हात घालण्याआधी एक चाचणी करा. लॅपटॉप लॅनच्या तारेने थेट कंपनीच्या मॉडेमला जोडा आणि स्पीड मोजा. लॅपटॉप नसेल तर मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाकून मॉडेमपासून दोन हातांवर उभे राहा. तिथेच स्पीड निम्मा? मग बहुतेक वेळा दोष लाइनचा, आणि नवा राऊटर म्हणजे पैसे पाण्यात. तिथे पूर्ण आणि आतल्या खोलीत रड? मग प्रश्न जागेचा.

जागा बदलायला पैसे लागत नाहीत.

आणि मॉडेमवर 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल तर? फायबरमधून प्रकाशच येत नाही, इतका त्याचा सरळ अर्थ. कुठे झाडाची फांदी पडली, कुठे जेसीबीने तार उचकटली, कुठे खांब वाकला. अशा वेळी राऊटर दहा वेळा बंद-चालू करून काय होणार? केबलवाल्याला फोन लावा. लाल दिवा सांगितलात की त्यालाही कळतं, गाडीत काय घालून निघायचं.

आता केबलवाल्याकडे येऊ. तो खिडकीच्या चौकटीतून तार आत घेतो, दिसेल त्या खिळ्याला मॉडेम टांगतो आणि पुढच्या घरी जातो. त्याला दिवसाची दहा कामं असतात. मॉडेम राहतो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या शेजारी, जमिनीपासून हातभर उंचीवर. वायफायची यापेक्षा वाईट जागा घरात शोधून सापडणार नाही. दहा मीटर तार जास्त घ्या, मधल्या खोलीत, माणसाच्या डोक्याच्या वर बसवून घ्या.

तो नाही म्हणत नाही. आपणच विचारत नाही.

२.४ गिगाहर्ट्झ लांब जातं आणि भिंती जास्त सोसतं. ५ गिगाहर्ट्झ जोरात धावतं, पण चिऱ्याच्या एका जाड भिंतीतच दमतं. त्यामुळे राऊटर ड्युअल बँडच हवा. महाड शहरात, बिरवाडीत, एका बिल्डिंगमध्ये वीस-वीस वायफाय दिसतात. तिथे २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. वीस जणांनी तिघांत वाटून घ्यायचं, म्हणजे शहरात टीव्ही-लॅपटॉप ५ वर न्यावेच लागतात. पोलादपूरकडे कुडपणला किंवा उमरठला शेजारी लांब, तिथे २.४ मोकळं असतं.

एकच राऊटर, पण पोलादपूर तालुक्यात वेगळा वागतो आणि महाडच्या सोसायटीत वेगळा. शेजाऱ्याकडे मस्त चालतो म्हणून तो घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मागच्या खोलीसाठी रिपीटर घेऊ का, असं बरेच जण विचारतात. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो. त्यात वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा मागच्या खोलीपर्यंत लॅनची तार टाका आणि जुना राऊटर अॅक्सेस पॉइंट म्हणून तिथे जोडा. तार शंभर मीटरपर्यंत चालते, मात्र तांब्याची घ्या. वरून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार बाजारात स्वस्त मिळते, आणि दोन पावसाळ्यांत जोडाशी दगा देते.

जुना राऊटर भंगारात आणि नवा रिपीटर बिलात, हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा?

आता खऱ्या दुखण्यावर बोट ठेवू. आपल्याकडे नेटचा पहिला शत्रू लाइट. जून लागला, वारा सुटला, लाइट दोन सेकंद गेली आणि आली. पंख्याला कळलंही नाही. पण मॉडेम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, लाइन पकडतो, मग राऊटर सुरू होतो, मग मोबाइल जोडले जातात. लाइट दोन सेकंद गेली, नेट मात्र दोन-तीन मिनिटं गेलं. संध्याकाळभरात असं सहा वेळा झालं की मुलीचा ऑनलाइन क्लास संपला आणि मुलाची मुलाखत बुडाली.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणता? बऱ्याच इन्व्हर्टरना उडी मारायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मॉडेमने मान टाकलेली असते.

उपाय आहे मिनी यूपीएस. तळहाताएवढा डबा, मॉडेम आणि अडॅप्टर यांच्या मध्ये बसतो आणि दोन-तीन तास काढतो. घेताना फक्त मॉडेमचा अडॅप्टर हातात धरून वाचा. १२ व्होल्ट, १.५ अँपिअर लिहिलं असेल तर यूपीएसही १२ व्होल्टचाच हवा आणि अँपिअर तेवढे किंवा त्याहून जास्त. काही राऊटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ लावलात तर जळतील. मॉडेम आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप द्या.

एकाला जिवंत ठेवून दुसऱ्याला अंधारात बसवलंत, तर नेट अंधारातच.

इथे आणखी एक गोष्ट केबलवाल्याला विचारायची. फायबर थेट घरात येतं, की पलीकडच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या स्विचमधून लॅनची तार येते? घरापर्यंतच्या फायबरमध्ये मधल्या वाटेवरच्या स्प्लिटरना वीज लागतच नाही. केबलवाल्याच्या ऑफिसात बॅटरी आहे आणि तुमच्याकडे मिनी यूपीएस आहे, तर अख्खा गाव अंधारात असताना नेट चालू राहतं. गच्चीवरचा स्विच असेल तर त्या बिल्डिंगची लाइट गेली की तुमचं नेट गेलं. शिवाय उघड्यावरून आलेली तांब्याची तार विजा चमकताना घरात संकट घेऊन येते. वादळ दिसलं की ती तार काढा, अडॅप्टरचा प्लगही काढा.

एवढं सगळं कशाला, चार तास नेट नसलं तर काय बिघडतं, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी महाडच्या बाजारपेठेत येऊन हे म्हणावं.

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं, वीज गेली, मोबाइल बंद पडले, महाडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगडात विजेचे खांब आडवे केले होते. असा दिवस उजाडला की कुठलाही राऊटर कामाचा नाही, हे सरळ मान्य करू. पण त्या दिवसाच्या आदली रात्र असते. पाणी कुठवर आलं, घाट बंद झाला का, दुकानातला माल वर घ्यायचा का, हे आता मोबाइलच्या ग्रुपवर कळतं.

ती रात्र नेटने काढली पाहिजे. भरवशाचा राऊटर हवा तो यासाठी, आयपीएलसाठी नव्हे.

म्हणून एका तारेवर भिस्त ठेवू नका. फायबर एका कंपनीचं असेल तर घरातलं एक सिम दुसऱ्या कंपनीचं असू द्या. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी मॉडेम आणि प्लग दोन्ही उंचावर घ्यावेत. पुराची रेघ ज्या भिंतीवर अजून दिसते, त्या भिंतीवर प्लग कुठे लावायचा हे वेगळं सांगायला हवं?

फायबर पोचलंच नाही अशा वाड्यांचं काय? आंबेनळीच्या बाजूला, कशेडीच्या कुशीत, वरंधच्या वाटेवर अशा वाड्या आहेत, जिथे अंगणाच्या एका कोपऱ्यातच रेंज येते. तिथे सिमवर चालणारा फोर-जी राऊटर घ्या, पण ज्याला बाहेरची अँटेना जोडायची सोय आहे असाच. तो बँड ५ आणि ८ पकडतो का, तेही बघा. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या या लहरी डोंगराळ भागात लांबवर पोचतात. आधी मोबाइल घेऊन घराभोवती फिरा, कुठल्या कंपनीची रेंज कुठल्या खिडकीत येते ते बघा, मग सिम घ्या.

लोक उलट करतात. आधी सिम घेतात, मग खिडकी शोधतात.

राहिला तो मुद्दा ज्याबद्दल दुकानदार बोलत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. कुलूप. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलचे हजारो मॉडेम एका व्हायरसने बंद पाडले. दोष काय होता? मॉडेमचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, 'अॅडमिन'. पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, व्हीपीएनफिल्टर नावाच्या व्हायरसने ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं पोखरल्याचं उघड झालं. त्यात बहुतेक घरचे आणि छोट्या ऑफिसांचे राऊटर होते.

महाडचा राऊटर कुणाला काय करायचाय? व्हायरस गाव विचारून येत नाही.

तेव्हा खोक्यावर डब्ल्यूपीए ३ लिहिलेलं बघा. ही सुरक्षा २०१८ ला आली, आज २०१७ च्या तोडीचा माल घेण्यात अर्थ नाही. कंपनी या मॉडेलला अपडेट किती वर्षं देणार, ते तिच्या साइटवर शोधा. अपडेट आपोआप होतात का, ते विचारा. ज्या मॉडेलला दोन वर्षांत नवा अपडेट आलेला नाही, ते दुकानात कितीही स्वस्त असो, तिथेच राहू द्या. आणि अडॅप्टरवर बीआयएसची खूण नसेल तर उरलेलं काही बघूच नका.

बिघडला तर कुठे न्यायचा, हेही आधीच ठरवा. ऑनलाइन दोनशे रुपये वाचले, पण दुरुस्तीला पनवेल किंवा मुंबई गाठायची असेल तर एसटीच्या तिकिटातच ते गेले. महाडातला दुकानदार काउंटरवर बदलून देत असेल, तर त्याचे दोनशे रुपये वसूल आहेत. तसं बिलावर लिहून मात्र घ्या.

तोंडी गॅरंटी पहिल्या पावसात वाहून जाते.

आणि कंपनीने दिलेला मॉडेम ड्युअल बँड आहे, पोर्ट गिगाबिट आहेत, घर दोन खोल्यांचं आहे? मग नवा राऊटर घेऊच नका. ते पैसे मिनी यूपीएस आणि चांगल्या तारेत घाला. चार अँटेनांपेक्षा एक बॅटरी जास्त कामाची, हे या दोन तालुक्यांत तरी खरं आहे.

गणपतीला मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात, त्यांना एक विनंती. घरच्यांना 'नेट स्लो आहे' असं सांगून परत जाऊ नका. एक दुपार काढा. राऊटर उलटा करा, मागच्या चिठ्ठीवरचा पत्ता मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाका, अॅडमिनचा पासवर्ड बदला, बटण दाबून वायफाय जोडणारं डब्ल्यूपीएस बंद करा, अपडेट चालू करा. नवा पासवर्ड आईच्या वहीत लिहून ठेवा आणि त्याखाली केबलवाल्याचा नंबर लिहा. पैसा एक लागत नाही, आणि घरचं नेट निम्मं तिथेच भरवशाचं होतं.