गाव सोडल्यावर लागणारा कर

पेणमध्ये पेणकर शोधायला जाऊ नये. गणपतीच्या मूर्ती मिळतील, पापड मिळतील, पण पेणकर भेटण्याची शक्यता कमी. सगळेच पेणचे असताना कोण कोणाला पेणकर म्हणणार? गावात माणूस ओळखला जातो तो बापाच्या नावाने, आळीच्या नावाने, धंद्याच्या नावाने, किंवा त्याच्या तोंडावर कधीच उच्चारलं जात नाही अशा एखाद्या खास नावाने. पेणकर व्हायचं तर आधी पेण सोडावं लागतं. खाडी ओलांडून मुंबईला उतरायचं, तिथे कोणीतरी "कुठले तुम्ही?" म्हणून विचारायचं, आणि मग पुढच्या सात पिढ्यांनी तेच उत्तर आडनाव म्हणून वागवायचं. सरकार बाकीचे कर राहणाऱ्यावर बसवतं. हा एकच कर असा की तो गाव सोडून जाणाऱ्याला लागतो.

ज्यू आडनाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोल्डबर्ग, रोझेन्थाल, कोहेन अशी चष्मेवाली मंडळी उभी राहतात. पेणकर हे ज्यू आडनाव आहे म्हटलं, तर समोरचा आधी आपल्याकडे आणि मग दाराकडे पाहतो. पण ते आहेच. रोहेकर आहे, किहीमकर आहे, नवगावकर, आवासकर, नागावकर, चेऊलकर, राजपूरकर, वाक्रुळकर आहे. कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायली समाजात अशी शंभराहून जास्त 'कर'वाली आडनावं आहेत. ती एका कागदावर लिहून काढली, तर अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या भागाचा नकाशा वेगळा छापायला नको. रोहा आणि अष्टमी यांच्यामध्ये तर नुसती कुंडलिका नदी. अलीकडचे रोहेकर आणि पलीकडचे अष्टमकर. एखादा पूर्वज पावसाळ्यात होडी न मिळाल्यामुळे पैलतीरीच राहिला असेल, तर एवढ्यावर घराण्याचं आडनाव ठरलं असेल.

त्यांची मूळ कथा कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. फार फार पूर्वी, ग्रीक राजाच्या जाचाला कंटाळून पळालेल्या ज्यूंचं एक गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं. वाचले ते सात पुरुष आणि सात बायका. बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली, आणि ते दफनस्थान आजही नवगावला दाखवतात. पोथ्या बुडाल्या, भाषा हळूहळू विसरली, राहिली ती 'शमा'ची प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारची सुट्टी. गावात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागलं. मला हे नाव कोकणी माणसाच्या स्वभावाला फार साजेसं वाटतं. तुमचा देव कोणता, धर्मग्रंथ कोणता, तुम्ही आलात कुठून, यात कोणी पडलं नाही. तेल कोणत्या वारी मिळणार नाही, एवढं मात्र नीट लक्षात ठेवलं.

कथेतला चौदाचा आकडा चाणाक्ष वाचकाला खटकेल. चित्पावनांच्या कथेतही समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतंच आहेत. परशुरामाने त्यांना जिवंत केलं. एकाच किनाऱ्यावर दोन समाज, दोन्ही समुद्रातून आलेले, दोन्हीकडे चौदा. यावर विद्वानांनी पुष्कळ तर्क लढवले आहेत. मला त्यात एवढंच दिसतं की कोकणात समुद्राने दिलेल्या गोष्टीची पावती कोणी मागत नाही. गंमत पुढे आहे. दिवेकर आडनाव चित्पावनांत आहे आणि बेने इस्रायलींतही आहे. तेव्हा नुसतं 'दिवेकर' ऐकून घरात सोवळं असेल की शब्बाथ, हे सांगता येणार नाही. 'कर' फक्त गाव सांगतो. जात, धर्म, देव या बाबतीत तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. कोकणी मुसलमानांतही 'कर' आहेतच. आडनावावरून माणूस ओळखण्याचा ज्यांना दांडगा सराव आहे, त्यांनी रायगड जिल्ह्यात जरा जपून राहावं.

नावांचीही तीच तऱ्हा. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, मोशेचा मुसाजी, अब्राहामचा अबाजी. रहामीमचा तर रामाजी झाला. रामाजी पाटलाच्या शेजारी रामाजी तेली, आणि एकाचं नाव रामावरून तर दुसऱ्याचं दयेच्या हिब्रू शब्दावरून, हे दोघांनाही सांगायला कोणी गेलं नव्हतं.

गावांचे 'कर' झाले ते मुख्यतः अठराव्या शतकाच्या मध्यापासून, लोक मुंबईला जाऊ लागल्यावर. कोणी सुतारकामाला गेलं, कोणी कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झालं. सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल इझिकेल दिवेकर हा त्यांतला गाजलेला गडी. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडला. आख्यायिका अशी की कैद्याच्या तोंडून 'बेने इस्रायल' हे शब्द ऐकून टिपूच्या आईने त्याच्यासाठी रदबदली केली. सुटून आल्यावर त्याने 1796 मध्ये मुंबईत प्रार्थनामंदिर बांधलं. इंग्रजीत सिनेगॉग; पण दिवेकर आणि मंडळी त्याला मराठीत काय म्हणत? मशीद. जुनी मशीद. तिच्यावरूनच मशीद बंदर स्टेशनाचं नाव पडलं असं सांगतात. मध्य रेल्वेच्या त्या स्टेशनात रोज उतरणाऱ्या हजारो लोकांना ही कोणाची मशीद म्हणून विचारा. उत्तर देणाऱ्याने गाडी चुकवली असेल तरच काही खरं.

युरोपातल्या ज्यूंची आडनावांची कहाणी फार वेगळी आहे. त्यांच्यातही शतकानुशतकं 'अमक्याचा मुलगा तमका' एवढ्यावर भागत होतं. मग 1787 मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने हुकूम काढला की प्रत्येक ज्यूने कायमचं जर्मन आडनाव घ्यावं. करवसुली, लष्करभरती आणि दप्तर नीट राहावं हा उद्देश. पुढे 1808 मध्ये नेपोलियनने तसाच फतवा काढला, 1812 मध्ये प्रशियाने. म्हणजे तिकडे आडनाव आलं ते कचेरीतून, टाकाच्या टोकावर बसून. चांगलं फुलाचं नाव हवं असेल तर कारकुनाला चिरीमिरी द्यावी लागे आणि नाही दिली तर तो काहीतरी अभद्र नाव माथी मारी, अशा गोष्टी त्या लोकांत अजून सांगतात. त्या कितपत खऱ्या, कोण जाणे, पण कारकून ही जात जगभर एकच असल्यामुळे विश्वास ठेवावासा वाटतो.

पण तिथेही गाव होतंच. बर्लिनचा तो बर्लिनर, पोझेनचा तो पोझनर, पिन्स्कचा तो पिन्स्कर. 1882 मध्ये ज्यूंच्या स्वतंत्र भूमीची मागणी करणारं पत्रक लिहिणारा तो लिओन पिन्स्कर. राहायला ओदेसात, आडनाव पिन्स्कचं. पिन्स्कर आणि पेणकर ही नावं शेजारी ठेवून जरा मोठ्याने म्हणून पाहा. एक बेलारूसच्या दलदलीतला, दुसरा धरमतर खाडीच्या खाजणातला. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल, पण गाव सोडल्यावर दोघांनीही एकच केलं: गाव शेपटीसारखं नावामागे बांधून घेतलं.

मुंबईला आल्यावर मात्र या 'कर'वर संक्रांत आली. इंग्रजी शाळेत, पलटणीत, कचेरीत तीन नावांतलं तिसरं कापायची पद्धत पडली. वडिलांचं नाव तेच आडनाव. इझिकेलचा मुलगा सॅम्युएल, म्हणजे सॅम्युएल इझिकेल. त्याने मुलाचं नाव आजोबांवरून ठेवलं, म्हणजे इझिकेल सॅम्युएल. त्याच्या मुलाने पुन्हा आजोबांचा मान राखला की आलो मूळ पदावर. शंभर वर्षांच्या वंशावळीत दोनच नावं फुगडी खेळताहेत, आणि कोर्टात वारसाचा दावा लागला की वकिलाच्या घरी दिवाळी. अशा वेळी ते कापलेलं 'कर' किती कामाचं होतं ते कळतं.

ज्यांना आपण रोज ओळखतो त्यांचेही 'कर' असेच हरवलेले. 'बूट पॉलिश'मधला टक्कल पडलेला, हसऱ्या डोळ्यांचा जॉनचाचा, अवघ्या सिनेमासृष्टीचा डेव्हिड, त्याचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं रेवदंड्याजवळचं चौल. महालक्ष्मी-वरळीकडचा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाने आहे, ते मुंबईचे 1937-38 सालचे महापौर एलायजा मोझेस. घराणं राजपूरकर. पाटीवर 'राजपूरकर मार्ग' लिहिलं असतं तर टॅक्सीवाल्यांची सोय झाली असती. आता 'इमोजेस' असा एकच शब्द करून ते वेळ मारून नेतात, आणि मोबाइल वापरणाऱ्या पोराला तो रस्ता हसरे-रडके चेहरे पाठवायचा वाटला तर त्याचा दोष नाही. डॉ. जेरुशा झिराड यांनी तर उलटं केलं. विलायतेत शिकून आलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ, कामा रुग्णालयाच्या प्रमुख, 1966 च्या पद्मश्री. त्यांच्या आडनावातला 'कर' गळाला आणि राहिलं ते नुसतं गाव. झिराडच्या नव्हेत, साक्षात झिराडच.

1948 नंतर हा सगळा नकाशाच विमानात बसला. तेव्हा भारतात वीसेक हजार बेने इस्रायली होते. आज सगळ्या प्रकारचे ज्यू मिळून चार-पाच हजार. बाकीचे अश्दोद, बीरशेबा, दिमोना, लोद, रामले, येरुहाम इकडे. वाळवंटातल्या दिमोनात मराठी कानावर पडते आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघत आलं आहे. पण आडनावाचे तिथे हाल झाले. हिब्रू लिपी आधीच स्वरांच्या बाबतीत हात आखडता घेणारी. शिवाय त्यात ना 'ण', ना 'ळ'. पेणकरांचा 'ण' विमानतळावरच जप्त. वाक्रुळकरांनी 'ळ' सोडला आणि उरलेलं वाचणाऱ्याच्या मर्जीवर सोपवलं. चार व्यंजनं लिहिलेला पेणकर हा पिनकर, पनकर, पुनकर, काहीही होऊ शकतो. टपालवाला मात्र बरोबर घरी येतो, कारण जिन्यात फोडणीचा वास असतो.

त्यात 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथल्या मुख्य धर्मपीठाने अडवणूक केली. बेने इस्रायलींनी इतर ज्यूंशी लग्न करायचं तर आई, आजी, पणजी ज्यूच होत्या ना, याची चौकशी व्हावी असा आदेश निघाला. आता पणजीचा दाखला कोकणात कोण देणार? तिच्याबद्दल फार तर 'शनिवारी तेल मिळत नसे' एवढी साक्ष निघेल. लोक चिडले, जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसले, आणि अखेर ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायली हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. दोन हजार वर्षं शेजाऱ्यांनी कधी न विचारलेला प्रश्न सख्ख्या भावंडांनी विचारला, हे दुःख जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतं, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

त्या देशात आडनावं बदलायची मोठी हौस. ग्र्यूनचा बेन-गुरियन झाला, शाइनरमनचा शेरॉन, मायरसन बाईंच्या मेयर झाल्या. परक्या मुलखाचा वास जाऊन शुद्ध हिब्रू नाव यावं असा सरकारचाच आग्रह होता. तरी 'कर'वाल्यांपैकी अनेकांनी 'कर' सोडला नाही. मुंबईत इंग्रजांसमोर लाजून जो खिशात टाकला होता, तो काहींनी तिथे जाऊन पुन्हा बाहेर काढला म्हणतात. कारण सोपं आहे. तिथे सॅम्युएल आणि मोझेस पैशाला पासरी. आवासकर म्हटलं की निदान कोणीतरी मान वर करून बघतं.

इकडे मूळ गावांचा भाव मात्र भलताच वधारला आहे. किहीम, आवास, झिराड इथे आता नटनट्या आणि उद्योगपतींचे बंगले. गुंठ्याचा दर विचारायचीसुद्धा आपली ऐपत नाही. ज्यांच्या नावात अख्खं आवास आहे त्यांच्या नावावर तिथे अर्धा गुंठाही नाही, आणि ज्यांचे सातबारे आहेत त्यांना स्वतःला आवासकर म्हणवून घ्यायची गरज नाही. त्यांच्या दारावर बंगल्याचं इंग्रजी नाव असतं. अलिबागेत इस्रायल आळी अजून आहे, प्रार्थनामंदिरही आहे, पण तिथल्या मोजक्या घरांतून अलिबागकर शोधणं हे पुन्हा पेणमध्ये पेणकर शोधण्यासारखंच.

हिशेबाने पाहिलं तर कोकणातला नियम इस्रायलमध्येही लागू व्हायला हवा होता. दिमोना सोडून तेल अवीवला गेलेला रोहेकर हा आता दिमोनाकर व्हायला हवा. पण 'कर' एकदाच लागतो असं दिसतं. दुसऱ्यांदा गाव सोडलं तर माफी आहे. मला मात्र हुरहूर वाटते. दिमोनाकर जरा नाटकी, अश्दोदकर उच्चारताना कवळी सांभाळावी लागेल, पण लोदकर काय वाईट आहे? दादरच्या एखाद्या लग्नपत्रिकेत 'लोदकर परिवार' छापलं, तर कोणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही. फार तर पंगतीत एखादे काका विचारतील, "लोद म्हणजे मालवणच्या अलीकडे की पलीकडे हो?"